साहेबाच्या डोळ्यांची आखणी

मालन,

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. आमच्या बाग मंडळाच्या अध्यक्षांनी मला तुझ्यावर अर्धं पान लिहून मागितलं आहे, मंडळाच्या पत्रिकेसाठी. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण. मी हो म्हणाले, रोह्याला घरी आले आणि आज हे लिहायला बसले. यातलं काही त्यांच्या अर्ध्या पानात बसायचं नाही. शिवाय तुझी जन्मतारीख तुला तरी कुठे माहीत होती? शाळेत नाव घालताना तुझ्या बापाने अंदाजाने एक लावून दिली आणि तिच्या जोरावर तू जन्मभर माझ्याहून एक वर्षाने लहान राहिलीस.

मी रडले नाही, हेही आधीच सांगून टाकते. हमरापूरला तुझ्या अंगणात बायका रडत होत्या आणि मी त्यांच्यात बसून तुझ्या ब्रशांचा डबा बघत होते. बारीक ब्रश एकीकडे, जाड एकीकडे, सगळे धुतलेले. तुझी सून वैशाली दोनदा माझ्या समोरून गेली, पण तिने मला पाणी विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिने विचारलं असतं तर जास्त अवघड झालं असतं.

आपली बाग म्हणजे पेणच्या जुन्या कचेरीमागची. तिला बाग म्हणायची पद्धत आहे, एरवी ती राईच. चिंचा, जांभळं, एक भला मोठा वड आणि गोऱ्यांनी लावलेली चार पर्जन्यवृक्षाची झाडं. त्या सावलीत इंग्रजांच्या काळातल्या तीन गोष्टी उभ्या आहेत. काळ्या दगडाची कमानीची पाणपोई, जिच्यात पाणी आलेलं आपण कधी पाहिलं नाही. पहिल्या महायुद्धात इथून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत हे सांगणारी एक शिळा, जिच्यावर आकडे आहेत आणि एकाचंही नाव नाही. आणि साहेब. छातीपर्यंतचा, पांढऱ्या संगमरवराचा, नाकाचा शेंडा उडालेला. त्याच्या नावाची पितळी पाटी आपल्या जन्माआधीच कुणीतरी काढून नेली, त्यामुळे तो कोण हे गावात कुणालाच ठाऊक नाही. कुणी कलेक्टर म्हणतं, कुणी मिठागरांचा साहेब, कुणी डॉक्टर.

शाळा सुटली की आपण तिथे लपाछपी खेळायचो आणि ज्याच्यावर राज्य असेल त्याने साहेबाच्या चौथऱ्याला तोंड करून अंक म्हणायचे. तू लबाडी करायचीस. दहापर्यंत म्हणून वीस म्हटल्याचं शपथेवर सांगायचीस आणि शपथ साहेबाची घ्यायचीस, म्हणजे पाप नको. सातवीनंतर तू शाळा सोडून कारखान्यात बसलीस, गणपतींना हात-पाय जोडायला. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन रोह्याला गेले. मधली पंचवीस-तीस वर्षं आपण लग्नकार्यात भेटलो तेवढंच.

मी निवृत्त झाल्यावर ते मंडळ निघालं आणि आपलं पुन्हा जमलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी रोह्याहून एसटीने निघायचे, वडखळला गाडी तुंबली की तुला फोन करायचे, तू म्हणायचीस, "ये सावकाश, साहेब कुठं पळून जात नाय." तू मिनीडोर रिक्षामधून उतरायचीस ते हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. आम्ही पालापाचोळा काढायचो, पाणपोईवरचं शेवाळ खरवडायचो. तू खरवडताना मंडळाच्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त काम करायचीस आणि निम्म्या लोकांची नक्कल.

मी तुझ्याशी कशावरून भांडले असेन तर एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचे, हे जसं आहे तसं जपलं पाहिजे. गोऱ्यांचं असलं तरी आता ते आपलं आहे. तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालीस, "आमच्या मूर्ती दीड दिवसानं पाण्यात जातात. वर्षभर राबतो, मी डोळे आखते तवा श्वास धरते, आणि दीड दिवसानं बुडुक. आम्ही कधी रडलो? आणि तुझा हा बाबा शंभर वर्षं उभा हाय, त्याला कोण बघतंय?"

मी म्हटलं, "दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

"कशा वेगळ्या, सांग ना मास्तरीण."

मी काहीतरी लांबलचक सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुला येत नाय." मालन, मला खरंच येत नव्हतं. त्यानंतर किती शनिवार गेले, मी बसमध्ये त्याचं उत्तर तयार करत यायचे आणि तुझ्यासमोर बसले की ते लंगडं वाटायचं. आता तर परीक्षा घेणारीच गेली.

तुला आखणीची बाई म्हणत. हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती रंगवायला शंभर हात आहेत, पण डोळे आखायला मोजके. मोठी मूर्ती असली की ती पूर्ण रंगवून ठेवत आणि तुला बोलावत. तू आलीस की बाकीच्यांनी बोलायचं नाही, पंखा बंद करायचा. तू वर चढून आधी नुसती बघत राहायचीस. मग एकदाच ब्रश टेकवायचीस आणि मग खाली उतरेपर्यंत तो हलला असं वाटायचं नाही. मी एकदा बघायला आले होते. मूर्ती होती ती मूर्ती राहिली नाही, कुणीतरी आलं असं झालं. तुमच्याकडे बिनडोळ्यांची मूर्ती कारखान्याबाहेर काढत नाहीत, हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मी ते ऐकून सोडून दिलं. ते लक्षात ठेवायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वीचा दसरा. मुंबईहून जुन्या वास्तूंची पाहणी करणारी माणसं पुढच्या आठवड्यात बागेत येणार होती. त्यांनी होकार दिला असता तर बागेला संरक्षण मिळालं असतं, कडेच्या झाडांवर डोळा ठेवून असलेल्यांची तोंडं बंद झाली असती. मी सहा महिने त्या अर्जामागे होते. आणि दसऱ्याच्या दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा मला फोन आला. "बाई, तुमच्या मैत्रिणीने साहेबाला डोळे काढलेत. आणि बायका फुलं वाहतायत."

मी संध्याकाळच्या गाडीने आले. भाजीवाल्या बायकांनी खरोखरच झेंडू आणि आपट्याची पानं वाहिली होती. एकीने नारळ फोडला होता. तू बाकावर बसून मजा बघत होतीस. मी तुला म्हटलं, "हे काय केलंस?"

"किती वर्षं आंधळा उभा करून ठेवलाय त्याला. आज दसरा हाय. म्हटलं एक दिवस बघू दे."

"मालन, संगमरवराच्या पुतळ्याचे डोळे कोरेच असतात. ती पद्धत आहे."

"तुमची असंल. आमच्यात नाय." आणि मग तू थोडी मऊ झालीस. "तुला तो कोण ते कळत नव्हतं ना गो? बघ आता त्याच्या तोंडाकडं. कळतंय काय?"

मी बघितलं नाही. रागात होते. म्हणजे नजर गेली, पण मी ती लगेच काढून घेतली. आज सांगते, त्या एका क्षणात जे दिसलं ते चार वर्षं पुसलं गेलेलं नाही. तू त्याला मोठा साहेब केलं नव्हतंस आणि देवही केलं नव्हतंस. लांबच्या मुलखात नोकरीला आलेला, घरी जायला न मिळणारा एक माणूस दिसत होता. त्याला बघून मला आमच्या रोह्याशेजारच्या धाटावच्या कॉलनीत परराज्यातून आलेले एकटे कामगार आठवले. मी त्याच्यावर कागद जमवत होते, पत्रं लिहीत होते, आणि तू ब्रशाने एका दुपारी सांगून टाकलंस. पण मी म्हटलं काय? मी म्हटलं, "अडाणीपणा आहे हा." तू हसलीस. तुला लागलं असेल, पण हसलीस.

रात्रीच मी रोह्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीने एकटी बागेत आले. पिशवीत घरच्या न्हाणीघरातली अ‍ॅसिडची बाटली आणि तारेचा ब्रश. मला घाई होती, लाज होती, पाहणीची भीती होती. मी अ‍ॅसिड थेट डोळ्यांवर ओतलं. ते फसफसलं. मला वाटलं रंग निघतोय म्हणून फसफसतंय. मी आणखी ओतलं आणि घासलं. रंग गेला, आणि त्याच्याबरोबर डाव्या डोळ्याची पापणी गेली, गालावरची झिलई गेली, नाकाच्या बाजूने एक ओघळ खोल खाऊन गेला. मी पाणी आणायला धावले तर पाणपोई कोरडी. मग कचेरीच्या नळावरून पाणी आणलं. उशीर झाला होता.

घरी आमच्या यांना सांगितलं. यांची सारी नोकरी धाटावला रसायनांच्या कंपनीत गेली. हे म्हणाले, "संगमरवरावर अ‍ॅसिड? अगं, तो विरघळणारच." मग हे पेपर वाचायला लागले आणि तो विषय आमच्या घरात संपला.

पाहणीची माणसं आली. त्यांनी साहेबाचं तोंड बघितलं आणि विचारलं, हे काय झालं? अध्यक्ष म्हणाले, एका गणपती रंगवणाऱ्या बाईने हात लावला, समजावून सांगूनही ऐकलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "करायला गेली गणपती आणि झाला मारुती." सगळे हसले. मी तिथे होते, मालन. वही घेऊन उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. माणसांनी शेरा लिहिला आणि ती गेली, होकार काही आला नाही. बागेत पाटी लागली, पुतळ्याला हात लावू नये. मंडळाने तुला कामाला येऊ नका असं कळवलं, आणि ते कळवायचं काम माझ्यावर आलं. मी ते फोनवर केलं.

तू विचारलंस, "तू येणार हायस ना पण शनिवारी?"

मी हो म्हटलं.

शनिवारी तू आलीस. काम नव्हतं तरी आलीस. आधी साहेबाजवळ गेलीस, पाटी वाचून हात मागे बांधलेस आणि अगदी जवळ तोंड नेऊन त्याचा गाल बघितलास. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "कशानं पुसलंय गो हे?"

मी म्हटलं, "कुणी पुसलं काय माहीत."

"हां." तू बाकाकडे वळलीस. "माझा रंग बिनडिंकाचा होता. मुद्दाम डिंक नव्हता घातला. ओल्या फडक्यानं निघाला असता. नायतर परतीचा पाऊस होताच."

मग तू बाकावर बसून फडकं सोडलंस आणि मला भाकरी दिलीस. मी खाल्ली.

गोष्ट गावभर झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती म्हण मी वर्गात किती वेळा वाक्यात उपयोग करायला दिली असेल. पुढच्या वर्षी हमरापूरच्या दोन मोठ्या कारखान्यांनी आखणीला तुला बोलावलं नाही. हात बिघडला म्हणे तिचा, दगडाचं तोंड खराब करून ठेवलं. डोळे आखणाऱ्या बाईचा हात बिघडला म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "वय झालं आता, वर चढवत नाय." आणि तेव्हा माझ्यासमोर तू त्या चिंचेच्या फांदीला लोंबकळून चिंचा पाडत होतीस.

मला किती वेळा सांगायचं होतं. एसटीत बसले की ठरवायचे. नागोठण्यापर्यंत वाक्यं पाठ असायची, वडखळपर्यंत त्यातली निम्मी गळायची आणि पेणच्या स्टँडवर मी नुसती तुझ्यासाठी घेतलेली केळी घेऊन उतरायचे. मी स्वतःची समजूत घातली होती की तुला माहीत नाही. रंगाचं तुला एवढं कळतं, पण अ‍ॅसिडचं कुठे कळणार? शिकलेल्या माणसाला दुसऱ्याला अडाणी समजण्याची केवढी सोय असते. तू मात्र माझ्यावर आणखी माया करायला लागलीस. माझा गुडघा दुखायला लागला तर तू स्टँडवर घ्यायला यायचीस. माझ्या मुलीच्या बाळंतपणाला आळिवाचे लाडू पाठवलेस. मी ते खाताना, खरं सांगते, तुझा राग यायचा. इतकं चांगलं वागायचं काही कारण नव्हतं.

परवाच्या शनिवारी बागेत तुझी शोकसभा झाली. मंडळाने घेतली, हे त्यांचं चांगलंच. साहेबासमोर सतरंजी घातली, तुझा फोटो चौथऱ्याला टेकवून ठेवला. वैशाली आली होती, मागे उभी होती, बसली नाही. अध्यक्ष बोलले. मनाने निर्मळ होत्या, म्हणाले, एक चूक झाली त्यांच्या हातून, पण आज ती आपण पोटात घालू या. मग मला बोलायला सांगितलं.

मी उठले. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही, ते एका परीने बरंच झालं. म्हटलं, "मालनने काढलेले डोळे ओल्या फडक्याने निघणारे होते. त्यावर अ‍ॅसिड टाकलं ते मी. तोंड मी खराब केलं. चार वर्षं मी गप्प बसले आणि तुम्ही तिला बोल लावलात तेव्हाही मी इथेच उभी होते."

तुला हसू येईल. कुणाला खरं वाटेना. अध्यक्ष मला बसवायला लागले. "बाई, भावनेच्या भरात काही बोलू नका. तुमचं मन मोठं आहे." शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. खरं बोलायला उठले तर लोक मलाच थोर ठरवू लागले. शेवटी मला वर्गात ओरडायचे तसं ओरडावं लागलं. बाटली कुठली, गाडी कितीची, पाणी कोणत्या नळाचं, सगळं सांगितलं. ज्याला खात्री करायची असेल त्याने आमच्या यांना फोन करावा, म्हटलं. तेव्हा कुठे त्यांना खरं वाटलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला नाही. मग एकेक जण चपला शोधायला लागला. पुढच्या सभेत हे मंडळाच्या दप्तरात लिहायचं, आणि हमरापूरला त्या दोन कारखान्यांत जाऊन मी स्वतः सांगायचं, एवढं मी त्यांच्याकडून आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं. तिथे उद्या जाणार आहे. तुझा हात चांगला होता हे ऐकायला तू नसताना जाणार आहे, याचा काय उपयोग ते मला विचारू नकोस.

लोक गेल्यावर वैशाली पुढे आली. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं.

"आमाला म्हाईत होतं," ती म्हणाली. "आईंनी साहेबाचा गाल बघितला त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं, तुमच्या तोंडावरनंच कळलं म्हणाल्या. ह्यांना तर इतका राग आला, हे निघालेच होते मंडळाकडं. आईंनी दारात आडवं होऊन थांबवलं ह्यांना."

"का?" मी विचारलं. "मला वाचवायला?"

"नाय वो." वैशालीच्या आवाजात अजून राग होता आणि तो असायलाच हवा. "त्या म्हणाल्या, तिला कळलं की मला म्हाईत हाय, तर ती लाजंनं रोह्यावरनं यायची बंद होईल. मग मी शनिवारी कुणाकडं जाऊ?"

तुला सांगते. तू बरोबर ओळखलं होतंस, मालन. मी आले नसते.